बोट थांबून राहिली

"बोट चालवायला शिकायला भंडाऱ्याला? अगं, आपला समुद्र काय आटला?" रत्नागिरीहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्या ओट्यावरून खाडी दिसते, आणि मी मोटारबोटीचं सर्टिफिकेट घ्यायला निघाले होते अशा जिल्ह्यात, जिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र लवकर सापडत नाही. पण बोलावणं विहिणीचं होतं. लेकीच्या सासूने बोलावलं की जायचं असतं, आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं. मी आंबापोळी बांधून घेतली.

माझी विहीण शोभाताई आणि व्याही मनोहरराव यांचं भंडाऱ्यात कोशाच्या (टसर रेशमाच्या) साड्यांचं दुकान आहे. ते पुतण्याच्या हाती देऊन मनोहररावांनी साठीनंतर हौसेने एक छोटी मोटारबोट घेतली. वैनगंगेचं पाणी धरणामुळे आता मैलोन्‌मैल पसरलंय, त्यात फिरायचं असा बेत. पण बोट कायद्याने चालवायची तर सर्टिफिकेट हवं, आणि त्याआधी डोळ्यांची तपासणी. रंगीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा ओळखायचा होता. मनोहरराव बराच वेळ बघून म्हणाले, "याच्यात तं काहीच नाही लिवलं जी."

अशा तऱ्हेने जन्मभर साड्या विकलेल्या माणसाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतच नाहीत, हे उघड झालं. ते घरी आले आणि बोटीला नागपूरचं गिऱ्हाईक बघून मोकळे झाले. त्यावर शोभाताई म्हणाल्या, "परीक्षा मी देईन. नापास झाली तं मग विका." आणि लगेच मला फोन केला, "बायांमध्ये मी एकटीच राहीन. तुम्ही समुद्रावरच्या. या न, दोघी देऊ."

'समुद्रावरच्या' या शब्दाने माझा घात केला. बोटीत मी आयुष्यभर फक्त बसलेली, तेही तिकीट काढून. पण आळीत मी असं सांगत सुटले की भंडाऱ्याची मंडळी माझ्याकडूनच शिकणार आहेत.

गाडी भंडारा रोडला येता येता शोभाताईंचा फोन आला, "मी स्टेशनवर येऊन राहिली." मला वाटलं, बाई आधीच येऊन उभ्या राहिल्यात. मी दोन्ही फलाट पालथे घातले, पाठमोऱ्या दोन बायकांच्या खांद्यावर हात ठेवून दोनदा माफी मागितली, आणि मग त्या सावकाश ऑटोतून उतरल्या. "काहून घाबरल्या? सांगितलं नं, येऊन राहिली म्हणून!" इकडे 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहे', हे मला तेव्हा कळलं. कळलं, पण वळलं नाही.

शहर स्टेशनपासून बरंच लांब आहे. वाटेत दोन्हीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (बांध घातलेली खाचरं) होत्या आणि अधूनमधून पाणी चमकत होतं. ऑटोवाल्याने मागे वळून विचारलं, "तलाव पाहाले आल्या का? आमचा जिल्हाच तलावायचा. गोंदिया वेगळा झाला तं नवेगावचा तलाव तिकडे गेला न बाप्पा." हे त्याने अशा सुरात सांगितलं की जणू भावाभावांच्या वाटणीत चांगली गाय धाकट्याला गेली होती.

जेवायला चिन्नोर तांदळाचा वासाचा भात आणि वर वडे कुस्करून वडा-भात. शोभाताईंनी विचारलं, "सांबार टाकू का?" मी म्हटलं, "भरपूर टाका, अगदी भात बुडेल इतकं." त्यांनी मूठभर कोथिंबीर आणून पानात घातली. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. मी निमूटपणे खाल्ली. मनोहरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि तपासणीनंतर ते पहिल्यांदाच हसले असं शोभाताईंनी मला नंतर स्वयंपाकाच्या ओट्याशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या शेडमध्ये वर्ग भरला. शिकवणाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बोटीला पुढे दोन दिवे असतात. लाल कुठल्या बाजूला?" मी समुद्रावरची, गप्प कशी बसणार? "उजवीकडे," मी म्हणाले. शोभाताई हळूच बोलल्या, "डाव्या हाताले लाल, उजव्या हाताले हिरवा."

"वा! वाचून आलात?"

"नाही जी. दुकानात साड्या अशाच लावून राहिली न मी, लग्न झालं तवापासून."

चहाच्या सुट्टीत त्यांनी सांगितलं. नव्या नवरीच्या दिवसांत एका बाईने लाल साडी मागितली आणि मनोहररावांनी हिरवी उलगडली. तेव्हापासून डाव्या फळीवर लाल, उजव्या फळीवर हिरव्या. नवरा जागेवरून रंग ओळखायचा.

"तुम्हाला माहीत आहे, हे त्यांना माहीत आहे?"

"कायले विचारू? गिऱ्हाईक तं कधी वापस नाही गेलं." त्यांनी बशीतला चहा संपवला आणि उठल्या. इतक्या वर्षांत मी माझ्या नवऱ्याचं काय काय झाकलं, ते आठवू लागले. उघडं केलेलंच जास्त निघालं.

प्रत्यक्ष बोट हातात आल्यावर माझी उरलीसुरली इभ्रतही गेली. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन मोकळं केलं तरी ती आपल्या मनाने पुढे सरकत राहते, हे मला पटायच्या आत मी ती काठच्या बेशरमात (पाण्याकाठी माजणारी निळसर फुलांची झुडपं) घुसवली. मागून शोभाताईंचा आवाज आला, "विहीणबाई, समुद्रात बेशरम नसते काय?"

तरी सरावाने हात बसला. परीक्षेच्या सकाळी मी अगदी तयार होते. परीक्षक मूळचे मालवणचे निघाले, तेव्हा तर आपला माणूस म्हणून मी मनातल्या मनात पासही झाले. परीक्षा जोडीने होती. आधी शोभाताई चालवणार आणि मी पुढे दोर धरून उभी राहणार, मग अदलाबदल. धक्क्यावर मनोहरराव हात मागे बांधून उभे होते. नागपूरचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

शोभाताईंनी बोट सुरेख चालवली. वळली, मागे घेतली, तरंगत्या खुणांमधून बाहेर काढली. शेवटी धक्क्याला लावायची होती. धक्का जवळ आला तसं मी ओरडून विचारलं, "थांबली का?"

"थांबून राहिली!"

मी ऐटीत पाय टाकला. बोट अजून सरकत होती. एक पाय धक्क्याला लागला, दुसरा बोटीबरोबर पुढे गेला, आणि मधली मी वैनगंगेत. वर आले ती नारिंगी जाकिटाच्या कृपेने. इंजिन केव्हाच बंद झालं होतं. शोभाताई ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "हात वर करा, विहीणबाई." मनोहररावांनी धक्क्यावर पालथं पडून मला ओढून घेतलं.

परीक्षकांचा चेहरा उतरला होता. "बोट थांबायच्या आत चालकाने 'थांबली' असं सांगितलं, तर मला त्यांना पास करता येणार नाही. मीसुद्धा तसंच ऐकलं." मनोहरराव कळवळून म्हणाले, "ते तं थांबूनच राहिली होती न साहेब!" त्याने गोंधळ आणखी वाढला.

परीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही पुढे होतात. त्या काय म्हणाल्या?"

मी निथळत उभी होते. आमच्या बाजूच्या मराठीत बोट थांबून राहिली म्हणजे थांबलेलीच. तेवढं म्हटलं असतं तर माझी चूक उरली नसती, आणि पुढची पाळी माझी होती. सर्टिफिकेट मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? आळीला काय तोंड दाखवू, हाही प्रश्न होता. पण थोड्याच दिवसांपूर्वी मी स्टेशनभर या बाईला शोधलं होतं. मला अर्थ माहीत होता.

"बोट थांबतेय, असं त्या म्हणाल्या," मी म्हटलं. "इथे त्याचा अर्थ तोच होतो, आणि आपण भंडाऱ्यात आहोत. मीच आधी उतरले."

"मग नियम तुम्ही मोडलात. तुम्हाला पुढच्या खेपेला यावं लागेल."

"हो," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. ओली होते, त्यामुळे खपून गेलं.

शोभाताई पास झाल्या. संध्याकाळी गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवलं आणि आम्ही तिघं मनोहररावांच्या बोटीत बसलो. बाकावर त्यांनी स्वतः आणलेल्या दोन गाद्या होत्या, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. "पाहा विहीणबाई, एकसारखी जोडी भेटली," ते कौतुकाने म्हणाले. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "अगदी एकसारखी," मी म्हटलं.

पाण्याच्या मध्यावर पुढे एक खूण तरंगताना दिसली. मनोहरराव तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "अवं, ते कोणत्या रंगाचं आहे?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. "लाल आहे जी," शोभाताई म्हणाल्या, आणि बोट हळूच वळवली.

मी रत्नागिरीला परत आले. काकूंनी सर्टिफिकेट बघायला मागितलं. मी म्हटलं, नापास झाले, आणि तेही पाण्यात पडून. आळी दोन दिवस हसली, मग विसरली. समुद्राकाठी राहून मी पाणी नुसतं बघत आले, आणि माणसंही बहुधा तशीच. पुढचं काय, ते कालच ठरलं. ओट्यावर बसले होते, तेवढ्यात शोभाताईंचा फोन आला, "परीक्षा लागली जी. येता का?"

"येऊन राहिली!" मी म्हटलं.

त्या हसल्या. "म्हंजे तुमच्यावालं का आमच्यावालं?"

"तुमच्यावालं," म्हटलं, आणि माळ्यावरची बॅग काढायला उठले.