आत्याने घासलेली चाकं

आत्याला काळं पडलेलं पितळ खपत नसे. दसऱ्याला तिने आमच्या बैलांच्या दमणीच्या चाकांवरच्या पितळी टोप्या काढून चिंच आणि राखेने अशा घासल्या की त्यांत तोंड दिसावं. टोप्यांखाली आसाला माखलेलं काळं वंगणही तिला घाणच वाटलं. तेही तिने राखेने लख्ख पुसून काढलं. कुणाला विचारणं तिला माहीतच नव्हतं.

दुपारी आम्ही निघालो, तर माजिवड्याच्या अलीकडेच चाक किंचाळायला लागलं. बैल बिथरले. मी उडी मारून पाहिलं, तर चाकातून धूर निघत होता. आत लाकूड जळत होतं आणि वर टोपी सोन्यासारखी झळकत होती. ती काढायला मी हात पुढे केला, तशी आत्या दमणीतून खेकसली, "हात नको लावूस मेल्या, डाग पडतील."