लाईन म्हणजे काय?

ते प्रकरण आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग संताप. हसू एका इंग्रजी शब्दाचं, संताप आमच्या पोलीस खात्याच्या लेखणीचा.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता गावोगाव पत्रकं वाटतो: 'सही करण्याआधी आपला जबाब मोठ्यानं वाचून घ्या.' लोक विचारतात, साहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी पत्रक? हो. एवढ्याशा गोष्टीसाठीच!

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका लहान ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपत होती तोच भाजीपाला करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ तडक आत आले. त्यांची भाची त्यांच्या घरी शिकायला होती, म्हणून अख्खं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

"साहेब, गावातला एक पोट्टा शाळेच्या ग्राउंडवर लाईन मारून राह्यला. माह्या भाचीवर! घ्या त्याले आत."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहाले कायले लागते? पोरगीच फोनवर आईले सांगत होती, तो रोज लाईन मारते म्हणे. माह्या कानानं ऐकलं."

ठाणे अंमलदारांनी फिर्याद लिहायला घेतली. कागद माझ्यासमोर आला तेव्हा 'लाईन मारते' या दोन शब्दांचं झालं होतं: 'सदर इसम वाईट उद्देशाने मुलींकडे पाहून अश्लील हावभाव करीत असतो.' यातलं एक अक्षरही मामा बोलले नव्हते. तरी सही करायला ते तयार! आणि खुद्द मुलीला विचारावं हे ठाण्यात कोणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही, हे कबूल करतो.

सहीआधी मी पोराला बोलावलं, एवढंच काय ते बरं केलं. बावीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. असला गुन्हा आमच्या रजिस्टरला चढला असता, तर धावण्यात पहिला येऊनही तो घरीच बसला असता. हे त्यालाही ठाऊक होतं. टेबलासमोर येऊन तो सावधान उभा राहिला.

"शाळेच्या ग्राउंडवर लाईन मारतोस?"

"हाव साहेब."

इतकी झटपट कबुली मी साऱ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. रोज सकाळी, सहा वाजता."

"किती?"

"सहा."

"सहा!" मामा खुर्चीतून उठले.

"आठ माराच्या होत्या मामा, पण जागा नाही पुरली."

"लाज नाही वाटत बे तुले?"

"लाज कायची? सरपंचाले विचारून मारतो."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला आणि अंमलदार ओरडले, "साहेब, लाईन गेली!" शिपायानं लाईनमनला फोन लावला, लगेच ठेवला. "लाईन बिझी आहे, साहेब."

मी चमकलो. एका मिनिटात एवढ्या लाईनी, आणि एकीचाही छेडछाडीशी संबंध नाही. मी स्वतः पोलीस लाईनीत राहत होतो. बँकेत, रेशनवर लाईनीतच उभा राहत होतो. मग जे पहिल्यांदा विचारायचं ते मी शेवटी विचारलं.

"तुझी लाईन म्हणजे काय रे?"

"फक्कीची, साहेब." त्यानं पँटचा काठ पुढे केला. चुन्यानं पांढरा झालेला. "भरतीत पोरीइले आठशे मीटर धावा लागते ना? गावात ट्रॅक कुठं आहे? म्हणून मी पट्टे आखून देतो. सहा पट्टे."

मुलीला बोलावलं. ती महिला शिपायाशेजारी बसली आणि मामांवर उसळली. "मामा, मी आईले काय सांगत होते? दादा आमच्यासाठी लाईन मारते, धावाले बरं पडते. तुमी अर्धंच ऐकलं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमी तरी मले विचाराचं ना."

 

सही न झालेला कागद अंमलदारांनी मामांसमोर फाडला. मग मामा पोराला म्हणाले, "फक्की कुठून आणते बे?"

"खामगावहून."

"माही भाजीची गाडी जाते तिकडं. एक पोतं आणून टाकीन."

छेडछाड होत नाही असं मी म्हणत नाही. होते, सर्रास होते, आणि त्याची फिर्याद त्याच दिवशी, त्याच तासाला घेतलीच पाहिजे. पण तिला विचारून, तिच्या शब्दांत! खुर्चीत बसून आपल्या मनातलं तिच्या तोंडी घालायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? लोक एक शब्द दहा अर्थांनी वापरतात. त्यांचा तो हक्क आहे. कोणता अर्थ ते विचारणं ही आमची नोकरी आहे.

तीन वर्षांनी मामांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"साहेब, आपला पोरगा लाईनले लागला!"

मी आता शिकलो होतो. "लाईनले लागला म्हणजे काय, मामा?"

"नोकरीले लागला हो! पोलिसात! खोलीबी भेटली त्याले, पोलीस लाईनीत."

"वा! मग ग्राउंडवर पट्टे कोण आखतं आता?"

"माही भाची," मामा फोनमध्ये ओरडले. "ग्राउंड वाढलं ना आता, रोज सकाळी लाईन मारते पोरगी. आठच्या आठ!"