दादानं आईला दिलेला शब्द

आज दादाच्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंडाच्या गरम भाताचा वास आला आणि मला आईचा दहावा आठवला.

तेव्हा टीव्हीमुळं दादा घराघरांत पोचला होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो बोलायचा आणि लोक हसून हसून लोळायचे.

त्या दिवशी आईच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल, तर घरच्यांनी शब्द द्यायचा, ही आपली रीत. मामा म्हणाले, "तू थोरला हायेस. बोल काईतरी."

दादानं हात जोडले. "आई, मी टीव्ही सोडतो. गावाला, सोनईला येऊन ऱ्हातो. आता जेव."

तोच कोरडा आवाज, तोच दगडी चेहरा. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा घाट हसला. मामांनीही टोपी काढून तोंडावर धरली. त्या आवाजानं कावळा उडून गेला. दादाचा चेहरा तेव्हाही हलला नाही, पण जोडलेले हात थरथरत होते. मी शेजारी होतो म्हणून मला दिसलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि दादा मुंबईला परतला.

आज मी त्याला सांगणार होतो, "दादा, तू खरंच बोलत हुतास. मला ठावं हाय." पण पिंड ठेवून आम्ही मागं सरतो न सरतो, तोच कावळा शिवला.

"नशीबवान," लोक म्हणाले, "काई म्हंता काई राहिलं न्हाई मानसाचं."

मी जोडलेले हात तसेच खाली घेतले.