मागच्या सीटवरचे वजन

पेणमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी बायकोच्या कमरेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मणक्यांमधल्या एका फटीवर पेनाचे टोक ठेवले आणि विचारले, "रोज काय करता?"

"मोटरसायकलवर मागे बसते," ती म्हणाली.

"कुठून कुठे?"

"पेण ते रोहा. आणि परत."

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कंबर सुधारली नाही तर रोजचा प्रवास बंद करण्याचे मी लिहूनच देईन, असे ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

ती रोह्याच्या एका शाळेत शिकवायची. ज्या संस्थेची शाळा, तिची पेणला शाखा नव्हती; त्यामुळे बदलीचा प्रश्न नव्हता. माझे काम पेणच्या तहसील कचेरीत, कोर्टात आणि नगरपालिकेत होते. मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षे ती रोह्यात खोली घेऊन राहिली होती आणि मी पेणला. शनिवारी भेट, सोमवारी निरोप. ते पुन्हा करायचे नाही, हे तिने एकदा सांगितले होते आणि नंतर कधी सांगावे लागले नव्हते. म्हणजे दिवाळीपर्यंत कंबर नव्हे, तर घर एक राहते की दोन होतात, हे ठरायचे होते.

दुसरे मार्ग आम्ही पाहिले. सकाळची रेल्वे एक तर फार लवकर होती, नाही तर शाळेची प्रार्थना संपल्यावर पोचणारी. एसटीत उभे राहावे लागे. बसायला मिळालेच तर मागच्या चाकावरची जागा, आणि ती मोटरसायकलपेक्षा वाईट. राहिली मोटरसायकल. पेण, वडखळ, कासू, नागोठणे आणि तिथून आत रोह्याचा रस्ता. महामार्गाचे रुंदीकरण चालू होते. ते इतकी वर्षे चालू होते की त्याच्यावर मी दिलेल्या बातम्यांना मुख्य कचेरीत "पुन्हा खड्डे" असे शीर्षक आयतेच लागायचे आणि मजकूर चौकटीत मावेल एवढा कापला जायचा.

रस्ता माझ्या हातात नव्हता. गाडी होती. म्हणून मी गाडीपासून सुरुवात केली.

बसस्थानकामागच्या गॅरेजवाल्याकडे माझी गाडी पहिल्यापासून होती. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, कामापेक्षा बोलण्यात जास्त रमणारा माणूस. कमरेचे ऐकून त्याने मागची सीट दोन्ही हातांनी दाबली, ती वर येताना पाहिली आणि म्हणाला, "शॉकअप बसलेत, पत्रकार. टाईट करतो."

"टाईट केल्यावर जास्त आदळणार नाही?"

"नाय ओ. ढिला शॉकअप आदळतो. इथं सगळ्यांना टाईटच लागतो. कुणी तांदळाची गोणी टाकतो, कुणी सिलेंडर टाकतो, डोलवीला कंपनीत जाणारे तिघं बसतात. ढिला ठेवला तर मडगार्ड चाकाला लागेल."

शॉकअपच्या स्प्रिंगखाली पाच खाचांची एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच दाबली जाते आणि गाडी मागून उचलली जाते. त्याने ती शेवटच्या खाचेवर नेली. दुसऱ्या दिवशी वडखळच्या पुढे बायको म्हणाली, "काल खड्डा कळत होता. आज खड्ड्यातली खडीसुद्धा कळते."

मी परत गेलो. गॅरेजवाल्याने विचार केला आणि जो उपाय सांगितला तो पेणमध्येच सुचू शकतो. गणपतीचे कारखाने जोरात होते. मोटरसायकलवर मागे मूर्ती बांधून नेणारे लोक मागच्या चाकातली हवा कमी करतात, म्हणजे हादरा मूर्तीपर्यंत पोचत नाही आणि हाताला, सोंडेला तडा जात नाही.

"तशीच करू ना थोडी कमी," तो म्हणाला. "एवढी नाजूक मूर्ती जाते, वहिनी नाय जाणार?"

हे मी घरी सांगितले तेव्हा बायको भाजी निवडत होती. "मी काय शाडूची आहे?" एवढेच म्हणाली. पण दोन दिवस आम्ही तेही केले. मूर्ती नेणारे हळू जातात आणि गावातल्या गावात जातात, हे गॅरेजवाल्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कासूजवळ चाक खड्ड्यात गेले, टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब फाटली. ती पर्स डोक्यावर धरून पावसात उभी राहिली आणि मी गाडी ढकलत पंक्चरवाला शोधला. त्या दिवशी तिचे पहिले दोन तास दुसऱ्या बाईंनी घेतले.

मग नवे शॉकअप घ्यायचे ठरले. पनवेलच्या दुकानात काचेच्या कपाटात ते दागिन्यांसारखे मांडलेले होते. लाल स्प्रिंगचे, पिवळ्या स्प्रिंगचे, शेजारी गॅसचा डबा जोडलेले. दुकानदाराने गाडीचे मॉडेल विचारले, रंग कोणता हवा ते विचारले. गाडीवर किती वजन बसते, हे विचारले नाही. मी आपण होऊन सांगितले, तर म्हणाला, "साहेब, हे चार माणसं बसली तरी हलणार नाहीत."

मला हलणारे हवे होते. हे मी त्याला दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि त्याच कपाटातून तेच खोके काढले. मूळच्यापेक्षा उंचीला थोडे जास्त होते, ते मी दाखवले. "उलट गाडी रुबाबदार दिसेल," असे उत्तर मिळाले. माझ्या मॉडेलला बसणारे गॅसचे शॉकअप त्या बाजारात तेवढेच होते. घेतले.

गॅरेजवाल्याने ते बसवले. गाडी मागून बोटभर उचलली गेली. साइड स्टँडवर ती इतकी कलली की बायकोने अंगणात तिच्याकडे पाहून विचारले, "ही उभी आहे की पडतेय?" साडी नेसून एका बाजूने बसायचे म्हणजे तिला आधी फूटरेस्टवर पाय ठेवून चढावे लागे. आता सीट वर गेली होती. ओट्याच्या कडेला गाडी लावून ती चढू लागली. उतरताना रोह्यात ओटा नव्हता. तिथे ती शाळेच्या फाटकाच्या दगडावर उतरायची, आणि आठवीच्या मुली ते बघायला थांबायच्या.

पण खरा त्रास वेगळाच होता. बारीक खडीवरून जाताना गाडी अंग मोडल्यासारखी एका बाजूला ओढायची. आठवडाभर मला वाटले, माझाच हात चुकतो आहे. मग एका रविवारी मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि वाकून दोन्ही बाजूंच्या कड्या पाहिल्या. उजवी दुसऱ्या खाचेवर होती. डावी शेवटच्या.

गॅरेजवाल्याला विचारले, तर त्याला आश्चर्य माझे वाटले.

"वहिनी डावीकडं बसतात ना? वजन डावीकडं. मग डावा टाईट नको?"

"शॉकअपच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, दोन्ही बाजू सारख्याच पाहिजेत. नाही तर मागचं चाक धरणारा चिमटा पिळतो."

"कागद लिहिणाऱ्याची बायको दोन्हीकडं पाय टाकून बसत असंल." शेजारच्या बाकावर बसलेले दोघे हसले. "पत्रकार, मी पंधरा वर्षं असंच करतोय. बायकोला स्टेशनला सोडणारे, बाजाराला नेणारे, सगळ्यांचा डावा टाईट. कुणाची तक्रार नाय."

"बरं वाटलं असं सांगायला कुणी आलं का?"

"तेपण नाय आलं," तो म्हणाला.

सांगायला कोण येणार होते? मागे बसणाऱ्या बायका गॅरेजमध्ये येतच नव्हत्या. गाडी पुरुष आणतो, पुरुष दाबून बघतो, पुरुष चक्कर मारून येतो आणि "मस्त झाली" म्हणतो. ज्या वजनासाठी डावी कडी आवळायची ते वजन त्या वेळी घरी स्वयंपाक करत असते, नाही तर रोह्यात फळ्यावर गणित सोडवत असते. पावसाळा अर्धा संपला होता आणि आमच्या गाडीच्या सगळ्या चाचण्या मी एकट्याने केल्या होत्या.

हे मी घरी बोललो. तिने पुढच्या रविवारी पर्स उचलली आणि माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आली. बाकावरचे दोघे उठून चहाच्या टपरीकडे गेले. गॅरेजवाल्याने फडक्याने सीट पुसली आणि मग काय करावे हे न कळून ती पुन्हा पुसली.

"तुम्ही पण बसा," ती मला म्हणाली. "रस्त्यावर मी एकटी असते का?"

मी बसलो, ती मागे एका बाजूने बसली आणि गॅरेजवाल्याने चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या कडेपर्यंत टेप धरला. रिकामी गाडी, आणि दोघे बसल्यावरची गाडी. कागदाप्रमाणे ती शॉकअपच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी बसायला हवी होती. आमची जेमतेम हलली. दोन्ही कड्या तिसऱ्या खाचेवर आणल्या तेव्हा माप जुळले. पण एका बाजूने बसल्यावर तिची कंबर पिळलेलीच राहत होती; ते कुठल्याच खाचेत बसणारे नव्हते. ते तिला तिथेच, टेप हातात असताना कळले. ती उतरली आणि म्हणाली, "उद्यापासून ड्रेस. साडी शाळेत नेसेन."

"मग तर दोन्ही सारखे बरोबर," गॅरेजवाला म्हणाला, जणू सुरुवातीपासून त्याचे हेच मत होते.

जुने शॉकअप मी त्याच्याकडेच ठेवले होते. लागतील तेव्हा घेईन, असे सांगून.

त्यानंतर पाच-सहा आठवडे चांगले गेले. ड्रेस घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून ती बसायची आणि शाळेत पोचल्यावर साडी नेसायची. रस्ता तसाच होता. पण खड्डा आला की गाडी आधी बसायची आणि मग उठायची, धक्का मारायची नाही. नागोठण्याच्या पुढे ती माझ्या पाठीवर वही टेकवून पेपर तपासण्याची भाषा करू लागली. रात्री गोळी लागेनाशी झाली. डॉक्टरांनी वाकायला लावले, ती वाकली, आणि ते "ठीक" म्हणाले. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते.

मग कासूजवळ वळण बदलले. सकाळी जाताना डावीकडून जाणारा रस्ता संध्याकाळी येताना उजवीकडून होता. मधे आडवा चर खणलेला होता आणि त्यावर माती लोटलेली. फलक नव्हता. पुढच्या ट्रकने चर ओलांडला म्हणून मीही गेलो. ट्रकला तो लागला नसेल. माझ्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला आणि पेण येईपर्यंत तसाच राहिला.

सकाळी ती कुशीवर वळूनच उठली. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाची ओल होती.

"हा उघडून दुरुस्त होत नाय," गॅरेजवाला म्हणाला. "गॅसवाला आहे. फेकायचा."

"मग जुने घाल."

तो हातातला पाना पुसत राहिला. "ते डोलवीच्या एकाला घातले. त्याला अर्जंट होतं. तुम्हाला काय लागणार, असं वाटलं."

पनवेलच्या दुकानात एक नग मिळत नव्हता, जोडीच घ्यावी लागणार होती, आणि जोडी संपलेली होती. येईल, म्हणाले. फोन करू, म्हणाले. मी रोज फोन केला. मध्यंतरी त्या चराची बातमी दिली, फोटोसकट. ती छापून आली. फोटो दुसऱ्याच रस्त्याचा होता.

डॉक्टरांनी दिवाळीआधी लिहून दिले: रोजचा प्रवास नको, आठवड्यातून एकदा चालेल. सुट्टी संपल्यावर तिने शाळेजवळ खोली घेतली. जुनीच गल्ली, फक्त घरमालक वेगळे. पहिल्या दिवशी स्टोव्ह आणि गादी टेम्पोने गेली. "शॉकअप येईपर्यंत," असे ती म्हणाली. मीही मान हलवली.

शॉकअप आले, मकरसंक्रांतीच्या सुमाराला. बसवले, दोन्ही तिसऱ्या खाचेवर. खोली सुटली नाही. डॉक्टरांचा कागद शॉकअपबद्दल नव्हता.

आता आठवडाभर मी एकटा फिरतो आणि तिसरी खाच एकट्याला कडक पडते. म्हणून कड्या फिरवायचा हुकाचा पाना गाडीच्या पेटीत असतो. सोमवारी तिला सोडले की शाळेच्या फाटकाशी मी दोन्ही कड्या पहिल्या खाचेवर आणतो. शनिवारी दुपारी शाळा सुटायच्या आधी पोचतो, गाडी मधल्या स्टँडवर घेतो आणि दोन्ही पुन्हा तिसऱ्यावर नेतो. मुलींना आता त्याची सवय झाली आहे. ती पिशवी खांद्याला लावून उभी राहते आणि दोन्ही बाजू बघून घेते.

कासूला चर बुजवला आहे. त्या जागी आता उंचवटा आहे. परवा त्यावर गाडी आदळली तेव्हा ती मागून म्हणाली, "कितवीवर आहे?"

"तिसरीवर. दोन्ही."

"मी बघितलंय," ती म्हणाली. "मग हा रस्ताच आहे."