भाल्याची तेरवी

इतवारीत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि बरोबर समोर माझ्या शत्रूचं. त्याचंही भांड्यांचंच. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बादल्या गल्लीत चार हात पुढे सरकल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण दुपारी गिऱ्हाईक पांगलं की दोघंही आपापल्या गादीवर मोबाइल घेऊन बसायचो आणि एकाच ऑनलाइन खेळात एकमेकांचे मुडदे पाडायचो.

म्हणजे मीच पाडायचो. माझ्याकडे भाला होता. कुठूनही फेका, भिंत फोडून जायचा, माणूस मारून परत हातात यायचा. समोरचा मेला की मी मोठ्या पितळी परातीवर पळी हाणायचो. हातगाडीवाले विचारायचे, "गेला काय जी?" मी राजासारखी मान डोलवायचो. असा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

मग खेळ चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, भाला फार जबर आहे, त्याच्यामुळे खेळाचा तोल जातो, सबब काढून टाकत आहोत. सकाळी पाहतो तर हातात नुसती सुरी.

तेराव्या दिवशी समोरच्याने भाल्याचं चित्र फ्रेम करून दुकानात लावलं, हार घातला, उदबत्ती पेटवली आणि गल्लीला तर्री-पोहे सांगितले. मग सहा वर्षांत पहिल्यांदा माझी पायरी चढला. हात जोडून म्हणाला, "चाल गा. तुह्या भाल्याची तेरवी हाये. घरचाच माणूस नसन तर कसं?"

तेरवीला नाही म्हणता येत नाही. गेलो.

पहिला घास तोंडात होता तोच त्याने मोबाइल काढला. "आता बिगर भाल्याचा ये. लोकायले पाहू दे, मारत कोण होता. तू, का भाला?"

सगळ्यांचे चमचे थांबले. तेरा दिवस मी हाच प्रश्न टाळत होतो. खेळलो. त्याने एक भलीमोठी ढाल काढली, माझी सुरी तिच्यावर टणटण आपटत राहिली, आणि अर्ध्या मिनिटात मी आडवा.

"भाला काहून गेला, मालूम हाये?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मी तक्रार लिवत होतो कंपनीले. रोज. तीन महिने!"

तीन महिने रोज जळत होता बिचारा! मला इतका आनंद झाला की मी पोह्यांची दुसरी प्लेट मागवली.

"पत्ता दे," मी म्हणालो.

"कायचा?"

"तू लिवत होता तिथचा. तुह्या ढालीचं लिवतो."

दिला नाही. मीही हटलो नाही, त्याच्याच स्टुलावर बसून मोबाइलवर कंपनीचा पत्ता शोधत राहिलो.