शिवणीतलं जादा कापड

"चाला, वजन उतरवा!" गल्लीतल्या डॉक्टरांचं हे पालुपद ऐकून शिंपीकाकांचे कान किटले होते. गोळी दिली तर औषध, बाकी सगळी बडबड, असं त्यांचं ठाम मत. त्या दिवशी मात्र त्यांचा पारा चढला. "डॉक्टर, लोका सांगे ब्रह्मज्ञान! यंदा तुमच्याच पँटची कंबर मी दोनदा सैल केलीय!"

बाहेर बाकावरचे पेशंट खो खो हसले. डॉक्टर आधी ओशाळले, मग म्हणाले, "खरंय काका. उद्या सकाळी सहाला तुमच्या दुकानापाशी येतो. दोघंही चालू."

आणि आले की हो! पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंतच दोघांना धाप लागली. पण तीन महिन्यांत एक सकाळ चुकली नाही. आज डॉक्टर पँट एका हाताने धरूनच दुकानात शिरले. "काका, घसरतेय!"

काकांना आनंद मावेना. त्यांनी कंबर दोन इंच आत घेतली आणि पुढे सैल करता यावी म्हणून शिवणीत राखलेलं जादा कापड कचकन कापून टाकलं.

"अहो, पुन्हा लागलं तर?"

"म्हणूनच कापलं!" म्हणत काकांनी स्वतःच्या पँटची कंबर उलटून दाखवली. तिथलं कापड कालच कापलेलं होतं.