मोरचुदाचं पाणी

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. दरवर्षी मुलांच्या प्रयोगांचं प्रदर्शन भरे आणि दरवर्षी माझं डोकं फिरे. हेडमास्तरांना प्रत्येक टेबल सजवलेलं हवं. सरस्वतीची तसबीर, झेंडूची फुलं, उदबत्ती. ‘अहो, प्रयोग आहेत हे, सत्यनारायण नव्हे,’ असं मी म्हणून पाहिलं. माझं ऐकतंय कोण! काचेची भांडी पुरेनात, तेव्हा मोरचुदाचं निळं पाणी शाळेच्या गणपतीच्या पंचपात्रात ओतलं गेलं, सोबत पळीही आली. ते पोटात गेलं तर माणूस आडवा व्हायचा, म्हणून मी पुढे ‘विष’ अशी ठळक पाटी लावून घेतली.

त्या टेबलाशी वलवणचा एक मुलगा होता. वर्गात पहिला; पण त्याच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. खिळ्यावर पळीनं पाणी सोडून त्यावर तांबं कसं चढतं ते तो लोकांना दाखवत होता. एवढ्यात त्याची आई आली. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं तसबिरीला हात जोडले आणि कौतुकानं लेकाच्या पळीखाली तळवा धरला. मुलाचं लक्ष खिळ्याकडे, पळी तिच्या हातावर रिकामी झाली. ती तीर्थ घ्यायला खाली वाकली.

मी धावत जाऊन खालून तिच्या हातावर जोरात फटका मारला. पाणी उडालं.

“चुकलं, मास्तर,” ती मागे सरत म्हणाली. “पुन्यांदा न्हाई हात लावनार.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मावशी, तसं नाही हो. विष आहे ते. हात धुवा आधी.”

“व्हय,” ती शांतपणे म्हणाली. “हिरीवर बी आमाला आसंच सांगत्यात. पानी नासलंय, पिऊ नका म्हनं.”

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. ती मान खाली घालून ‘व्हय, व्हय’ करत राहिली, पण हात काही धुवेना. शेवटी मुलगा रडवेला होऊन म्हणाला, “आये, खरंच इख हाय. म्या सोता कालवलंय.”

तिनं लगेच हात पुढे केला. मुलानं त्यावर तांब्यानं पाणी ओतलं. मीही मघापासून तेच सांगत होतो. पण माझ्यासारख्याच्या तोंडून आलेलं तिनं खरं मानावं, असं आम्ही आजवर काही केलंच नव्हतं.